मेश्रामची टिचकी

प्रेमानंद,

बस आधी. तुला उभ्या उभ्या वाचायची खोड आहे आणि हे लांबणार आहे.

मंडळाच्या वार्षिक अंकवाल्यांचा मला इथे नागपूरला फोन आला होता. "मॅडम, मस्कतमधल्या एखाद्या कर्तबगार मराठी माणसावर लिहा." त्यांच्या मनात कोण होतं ते मला चांगलं ठाऊक आहे, त्या गृहस्थांचा फोटो दरवर्षी अंकात असतोच, जाहिरातीच्या पानावर. मी म्हटलं, मी मेश्रामवर लिहीन. पलीकडे यादी चाळल्याचा आवाज आला. मग, "कोण मेश्राम?" मी म्हटलं, "कोजागिरीला माइक बंद पडला तेव्हा ज्याने टिचकी मारून चालू केला तो." तेव्हा कुठे ओळख पटली. हा तुझा लौकिक!

तुला विचारून लिहिलं असतं तर तू नको म्हणाला असतास, म्हणून विचारत नाही. आणि तुझ्याबद्दल तुलाच काय सांगायचं? तेव्हा तू जरा बाजूला हो, मी लोकांशी बोलते. यात एक म्हातारी येईल, ती मीच. पण तू मला मॅडम म्हणतोस, म्हणून इथेही ती मॅडमच. तुझ्या मनातलं जे लिहिलंय ते तूच कधी ना कधी सांगितलेलं आहे. चुकलं असेल तिथे पेन्सिलीने खूण कर. शाईने नको.

*

प्रेमानंद मेश्राम रुसैलच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात दाबाची गेजं तपासतो. गेज म्हणजे सिलिंडरवर, कॉम्प्रेसरवर ती घड्याळासारखी तबकडी असते ना, काटा असलेली, ती. ती टेबलावरच्या यंत्राला जोडायची, यंत्रावर मोजून वजनं ठेवायची आणि काटा खरं बोलतो का ते बघायचं. खरं बोलला तर हिरवं स्टिकर. खोटं बोलला तर लाल. तपासायचं राहिलं असेल तर पिवळं. तेरा वर्षं हा माणूस हेच करतो आहे आणि त्याच्या सहीचं हिरवं स्टिकर लावलेलं गेज कधी परत आलेलं नाही.

त्या धंद्यात एक रीत आहे. काटा वाचण्याआधी काचेवर बोटाने हलकी टिचकी मारायची. आत कुठेतरी घासून काटा अडकलेला असतो, वरून मात्र अगदी शांत, स्थिरावल्यासारखा दिसतो. टिचकी बसली की खऱ्या जागी जातो. प्रेमानंदच्या हाताला ही रीत इतकी बसली होती की तो चहाच्या ग्लासालाही टिचकी मारून मगच घोट घ्यायचा. लिफ्टच्या बटणाला मारायचा. एकदा पासपोर्टच्या खिडकीच्या काचेला मारली, तेव्हा आतल्या अधिकाऱ्याने याला बराच वेळ न्याहाळलं.

"मॅन, रविवारी चर्चमध्ये मिसाला तुला नेत नाही ते बरंय," कॉनराड म्हणायचा. "तू वेदीवरच्या घंटेला पण मारशील." कॉनराड तुस्कानो हा वसईचा, प्रेमानंदच्या शेजारच्या टेबलावरचा, अंगाने आडवा आणि जिभेने तिखट. दोघे सकाळी अल हैलहून ऑफिसच्या मिनीबसने एकत्र जात.

आता घर. अल हैलमध्ये चौथ्या मजल्यावर दोन खोल्या, आणि त्यातल्या एका खोलीत सात संगणक. मस्कतमध्ये ऑफिसं बंद होतात, माणसं कायमची परत जातात, आणि जाताना जुने संगणक कोणाच्या तरी गळ्यात मारून जातात. तो कोणाचा तरी गळा म्हणजे प्रेमानंद. सातही जण रात्रंदिवस घरघरत असायचे आणि त्यांना गार ठेवायला एसी अखंड चालू. तृप्ती, त्याची बायको, एका दवाखान्यात रिसेप्शनवर होती. ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "स्थळ आलं तेव्हा मुलगा इंजिनियर आहे म्हणाले. सात सवती आहेत हे कोणी नाही बोललं." पण चार नंबरच्या सवतीच्या डोक्यावर ती रोज दह्याचं भांडं ठेवायची. एसीच्या घरात दही लागत नाही. चार नंबरवर दगडासारखं लागायचं.

या सातांना काम काय होतं? ते सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

तारेतून वीज जाते तेव्हा ती घासते, तार तापते, काही वीज वाया जाते. काही पदार्थ खूप गार केले की हे घासणं पार थांबतं. त्यांना अतिसंवाहक म्हणतात. अडचण अशी की 'खूप गार' म्हणजे भयंकर गार. पण हायड्रोजन भरपूर असलेल्या काही पदार्थांवर प्रचंड दाब दिला, लाखो वातावरणांचा, म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेच्या लाखोपट, तर हाच चमत्कार बऱ्याच कमी थंडीत होतो. हायड्रोजनचे अणू धातूभोवती पिंजरा करून बसतात, बेसनाच्या लाडवात मधोमध बेदाणा असतो तसा धातू. एवढा दाब द्यायला दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये पदार्थाचा कण चिरडावा लागतो. ते काम महिनोन्महिने चालतं आणि हिरे फुटतात. म्हणून आधी संगणकावर बघायचं की कुठला पदार्थ दाबण्याच्या लायकीचा आहे.

आणि ते कसं बघायचं? प्रेमानंदने हे कॉनराडला मिनीबसमध्ये समजावलं होतं. "समज, बसमध्ये आपण बारा जण कसेही कोंबले. कोणाचा कोपर कोणाच्या पोटात. बस सुटली की सगळे सरकतात, चुळबुळतात आणि शेवटी अशा जागी बसतात की कुरकूर सगळ्यात कमी. संगणक तेच करतो. अणू कसेही टाकतो, दाबतो आणि बसू देतो. हजारदा टाकतो. ज्या मांडणीत कुरकूर सगळ्यात कमी, ती खरी."

"आणि मी?" कॉनराडने विचारलं. तो रोज दोन सीटांच्या मधल्या घडीच्या फळीवर बसायचा, एक मांडी इकडे, एक तिकडे.

"तू लँथनम. मोठा आणि मधोमध."

लँथनम हा प्रेमानंदच्या पदार्थातला एक धातू. दुसऱ्याचं नाव मी लिहीत नाही, पेपर छापून यायचाय.

*

मॅडमची आणि त्याची गाठ पडली ती कुरडयांवरून. मॅडम तेव्हा मुलीकडे, संध्याकडे, तिसऱ्या मजल्यावर राहत. बत्तीस वर्षं अकोल्याच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेली बाई मस्कतला येऊन काय करणार? बाल्कनीत कुरडया घातल्या. वरून एसीचं पाणी टपटपलं आणि गव्हाच्या चिकाची पुन्हा खीर झाली. मॅडम जिना चढून भांडायला गेल्या.

"जय भीम. तुमच्या एसीने माझ्या…" असं म्हणता म्हणता त्यांची नजर भिंतीवर गेली. तिथे एक आलेख चिकटवला होता. मॅडम कुरडया विसरल्या. "हा उभा अक्ष कशाचा? एकक कुठंय?"

"जय भीम, मॅडम. ते… घाईत राहिलं."

"घाईत? अर्धा मार्क कापला."

तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी, कामावरून आला की, त्याने आठवड्याचे आलेख मॅडमना दाखवायचे आणि मॅडमनी मार्क कापायचे, असा पायंडा पडला. एसीच्या पाण्याला त्याने नळी लावली. नळी गळतच राहिली, पण कुरडयांच्या दुसऱ्या बाजूला.

त्याच सुमारास मॅडमनी त्याच्या हातात आपलं रक्तदाबाचं यंत्र ठेवलं. जुनं, दंडाला पट्टा बांधून रबरी फुगा दाबायचं, काट्याचं. "तुमच्या कारखान्यात सगळ्या दुनियेचे दाब तपासता ना? हे तपासून आण. एकशे सत्तर दाखवतं. माझा दाब एकशे सत्तर असूच शकत नाही. मी कधी रागावत नाही."

प्रेमानंद खाली बघत हो म्हणाला. दुसऱ्या दिवशी कारखान्यात ही हकिगत ऐकून कॉनराड इतका हसला की फोरमनने डोकं आत घातलं. "मॅडम रागावत नाहीत! मग यंत्र नक्कीच खराब, मॅन. लाल स्टिकर लाव न तपासताच!"

अडचण वेगळीच होती. त्यांच्या टेबलावरची वजनं दहा बारपासून, म्हणजे दहा वातावरणांपासून, सुरू व्हायची. मॅडमचा दाब पाव बारसुद्धा नव्हता. बारीक दाबाचं यंत्र कारखान्याच्या दुसऱ्या इमारतीत होतं, त्यासाठी कागद भरावा लागे. प्रेमानंदने यंत्राला पिवळं स्टिकर लावलं आणि खणात ठेवलं. उद्या नेऊ, इन्शाल्ला.

*

आता मुद्द्यावर येते. प्रेमानंद नागपूरला एम.एस्सी. झाला, पीएच.डी.ला नाव घातलं, आणि दुसऱ्या वर्षी त्याचे वडील भीमराव अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले. तो मस्कतला आला. नाव कटलं. पण नाद कटला नाही. पुण्याच्या एका प्राध्यापकांना तो स्वतः काढलेले निकाल पाठवत राहिला, आणि ते सर भले, उत्तरं देत राहिले. मागच्या ऑक्टोबरात सरांनी कळवलं: परदेशातली एक प्रयोगशाळा हिऱ्यांमध्ये तीन पदार्थ दाबून बघणार आहे. दोन ठरलेत. तिसऱ्यासाठी तुमचं पाठवा. गुरुवारी पाच वाजता यादी बंद.

पुण्याचे पाच म्हणजे मस्कतचे साडेतीन.

तृप्तीला तो एवढंच म्हणाला, "तेरा वर्षं दुसऱ्यांनी दाबलेलं मी तपासतोय. एकदा तरी मी म्हणतो म्हणून कोणीतरी काहीतरी दाबून बघावं." तृप्तीने त्या दिवशी सातही सवतींची धूळ स्वतः पुसली.

आणि पदार्थ होता देखणा. लँथनम, तो दुसरा धातू आणि भोवती हायड्रोजनचा पिंजरा, सगळीकडून सारखा, जणू कुंभाराने चाकावर फिरवलाय. नऊ लाख वातावरणांचा दाब. आणि अतिसंवाहक होणार उणे वीस अंशांना! म्हणजे घरच्या फ्रीजरइतक्या थंडीत. असं कोणाच्या यादीत नव्हतं. आलेख त्याने सरांना आधीच बघायला पाठवले होते, पक्की फाइल तेवढी गुरुवारपर्यंत द्यायची होती.

गुरुवारच्या आधीच्या रविवारी त्याने आलेख मॅडमपुढे ठेवले. या खेपेला अक्षांवर एककं ठसठशीत होती. मॅडमनी चष्मा बदलला, चहा लांब सरकवला.

"हे काय?"

"अणू कसे थरथरतात त्याचा आलेख, मॅडम. प्रत्येक रेषा म्हणजे एक थरथर."

"ते कळतंय मला, बत्तीस वर्षं वारंवारताच शिकवली. ही एक रेषा शून्याच्या खाली कशी गेली?"

"अगदी थोडी गेलीय. आकडेमोडीची खरखर असते ती. टॉलरन्समध्ये आहे."

आता बघा. गेजं तपासणाऱ्याच्या तोंडात हा शब्द दिवसातून पन्नासदा येतो. शंभराला शंभर कुठलाच काटा दाखवत नाही. एक टक्का इकडेतिकडे चालतो, तेवढी सूट म्हणजे टॉलरन्स. सूट दिली की हिरवं स्टिकर. रोज देऊन देऊन त्याने घरी पण देऊन टाकली.

"वारंवारता शून्याच्या खाली जायला ती काय तुझं गेज आहे?" मॅडमचा आवाज चढला. त्या रागावत नाहीत, हे वर आलंच आहे. "ती रेषा सांगतेय की अणू तिथे बसलेलेच नाहीत. नुसते तोल सांभाळून उभे आहेत. जगातल्या प्रत्येक काचेला टिचकी मारत फिरतोस, याला मारलीस का?"

प्रेमानंदचा हात ग्लासाकडे निघाला होता. तो तिथेच थांबला.

त्याच्या डोळ्यांपुढे कॉनराड आला. घडीच्या फळीवर, एक मांडी इकडे, एक तिकडे, अगदी मधोमध, दिसायला कसा छान समतोल! आणि रुसैलच्या फाटकाआधीचा पहिला गतिरोधक आला की रोज न चुकता तो डावीकडच्या हिशेबनिसाच्या मांडीवर जाऊन बसायचा. मग तिथेच खरा बसायचा, कारखाना येईपर्यंत.

"मॅडम," तो म्हणाला, "मी येतो."

"चहा?"

"तुम्ही प्या."

वर जाऊन त्याने पिंजऱ्यातल्या अणूंना त्या खाली गेलेल्या रेषेच्या दिशेने केसभर ढकललं आणि सोडून दिलं. एवढंच. संगणकातली टिचकी. सकाळपर्यंत देखणा पिंजरा एका अंगाला कलंडला होता आणि कुरकूर खरोखरच कमी झाली होती. नवी मांडणी पहिलीइतकी रूपवान नव्हती, पण एकही रेषा शून्याखाली नव्हती. आता ती किती थंडीत अतिसंवाहक होणार, हे नव्याने काढायचं होतं. हातात चार दिवस. त्याने सातही संगणक त्याच कामाला जुंपले. ते इतके तापले की दही दुपारीच आंबून जाई. तृप्तीने तीन दिवस कढी केली आणि एका शब्दाने बोलली नाही. प्रेमानंदला वाटलं, बोलली असती तर बरं झालं असतं.

गुरुवारी पावणेतीनला तो कारखान्यात टेबलापाशी होता तेव्हा मोबाइलवर आकडा आला.

"किती?" कॉनराडने मान लांब केली.

"उणे एकशे चाळीस."

"आधी?"

"उणे वीस."

कॉनराडने शिट्टी वाजवली. "खलास. बरं, ती उणे वीसवाली फाइल पुसलीस की आहे?"

"आहे."

"मग ती पाठव ना, बाबा! तुझ्या सरांना खोट दिसली नाही, तिसऱ्या मजल्यावरच्या एका म्हातारीला दिसली. ती काय फोन करून सांगणारेय? एकशे चाळीस बघून कोण हिरा फोडेल तुझ्यासाठी?"

कॉनराड वाईट माणूस नाही. त्याला मित्राचं नाव यादीत हवं होतं आणि तो खरंच बोलत होता. उणे वीसला कोणीही हात पुढे केला असता. प्रेमानंदने मोबाइल गेजांच्या रांगेत ठेवला आणि बघत राहिला. मग सवयीने त्याच्या काचेवर टिचकी मारली.

आकडा हलला नाही.

साडेतीनला पाच मिनिटं असताना त्याने नवी फाइल पाठवली. सोबत दोन ओळी: आधी पाठवलेल्या आलेखात चूक होती, अणू बसलेले नव्हते, क्षमस्व. मग उरलेली गेजं तपासली. कॉनराड सांगतो, त्यातली चार लाल निघाली. बिचाऱ्या गेजांवर राग निघाला असेल.

घरी आल्यावर तृप्तीने चेहरा बघितला. "गेलं?"

"पाठवलं. घेणार नाहीत."

"मग आज दही लागू देत," ती म्हणाली आणि चार नंबरवर भांडं ठेवलं.

सरांचं उत्तर सोमवारी आलं. "पहिला आकडा मोहक होता, पण त्यावर माझा विश्वास बसत नव्हता, तुमचं मन मोडायचं कसं, या विचारात होतो. या नव्या आकड्यावर बसतोय. शिवाय बाकी दोघांपेक्षा तुमचा दाब कमी आहे, तेवढेच हिरे वाचतील. तिसरं नाव तुमचं."

प्रेमानंदने ते पत्र मॅडमना उभ्यानेच वाचून दाखवलं. मॅडम म्हणाल्या, "बस आधी." मग म्हणाल्या, "बाकी दोन कोणाची?" आणि मग स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ तिकडे कसलीतरी भांडी आपटत राहिल्या. ती घासलेलीच होती.

मार्चमध्ये त्याचा पदार्थ दाबला. पहिल्या खेपेला हिरा फुटला. तृप्ती म्हणाली, "लग्नात मला एक नाही मिळाला, आणि हे लोक फोडतायत!" दुसऱ्या खेपेला हिरा टिकला. थंड करत करत नेलं आणि उणे एकशे एक्कावन्नला विजेचं घासणं थांबलं. पार शून्य. दूरच्या एका तळघरात, जिथे मेश्राम हे नाव कोणाला धड उच्चारता येत नाही, तिथे मेश्राम म्हणाला म्हणून एक कण दाबला गेला आणि त्याने ऐकलं.

प्रेमानंद दोन-दोन पायऱ्या उतरत तिसऱ्या मजल्यावर आला.

"किती?"

"उणे एकशे एक्कावन्न!"

"तू किती म्हणाला होतास?"

"एकशे चाळीस."

"अकरा अंशांनी चुकलास," मॅडम म्हणाल्या. "अर्धा मार्क कापला." आणि त्याच्या ताटलीत तळलेल्या कुरडया इतक्या वाढल्या की ताटली दिसेना.

मे महिन्यात संध्याचं कंत्राट संपलं आणि मॅडम तिच्याबरोबर कायमच्या नागपूरला निघाल्या. विमानतळावर प्रेमानंद आणि तृप्ती दोघं आली होती, मागे कॉनराड ट्रॉली ढकलत. बॅगा वजनाच्या काट्यावर चढल्या तशी प्रेमानंदने काट्याच्या काचेला टिचकी मारली. दोन किलो जास्त भरत होतं, ते जास्तच राहिलं. मॅडमना तेव्हा आठवलं.

"माझं यंत्र?"

प्रेमानंदचा चेहरा पडला. "खणातच आहे, मॅडम. दुसऱ्या इमारतीत न्यायचं… कागद भरायचा राहिला."

"दीड वर्ष?"

"भरून ठेवला होता," कॉनराड मागून म्हणाला. "मी भरला होता, दोनदा. हाच नेत नव्हता. म्हणायचा, हिरवं निघालं तर मॅडमना सांगायचं कसं?"

तृप्तीने कॉनराडला कोपर मारलं. मॅडमनी पर्स उघडली, पासपोर्ट आहे का ते बघितलं, पर्स बंद केली.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "यल्ला, चला, रांग पुढे सरकली."

नागपूरच्या डॉक्टरांचं यंत्रही जास्तच दाखवतं. तेही कोणी तपासलेलं दिसत नाही. आणि मॅडमचं स्वतःचं अजून रुसैललाच आहे, प्रेमानंदच्या टेबलाच्या खालच्या खणात, रबरी फुग्याला पट्टा गुंडाळून, पिवळं स्टिकर लावलेलं.